र नसलेली प्रत

कुताइसीच्या बाजारामागे, जिन्याखालच्या टपरीत
मी लॅपटॉप दुरुस्त करते.
वर बुटांचं दुकान. गिऱ्हाईक उतरलं
की माझ्या दिव्यावर धूळ झडते.

बेसारिओनचा लॅपटॉप मी मार्चमध्ये धुऊन काढला.
जुनं सगळं पुसलं, सिस्टीम नव्यानं घातली,
वायफाय, आवाज, टचपॅड एकेक करून ताळ्यावर आणले,
अपडेट्स येऊ दिली, तीनदा बंद-चालू केलं.
तो शेजारी स्टुलावर. मांडीवर टोपी, टोपीत पेनड्राइव्ह.
"आता भर ना माझं सामान."
म्हटलं, थांबा. अजून कुणी राहायला आलेलं नाही,
तोवर या घराचा साचा काढून घेते.

त्याला पटेना. रिकाम्याची कसली प्रत?
तेवीस मिनिटं पट्टी सरकत होती
आणि तो तिच्याकडे बघत होता,
बस डेपोत पंचवीस वर्षं घड्याळाकडे बघितलं तसा.
शेवटी मी मात्सोनीवर आले:
तुमची लामारा सगळंच दही वाढून टाकायची का?
चमचाभर विरजण आधी बाजूला काढायची ना?
"लामारा नेपल्सला आहे," तो म्हणाला,
"एका म्हातारीला सांभाळते. दही मी विकत आणतो."
पण मान हलवली.

अकरा गिगाबाइट. डिस्कवर चिकटपट्टी,
पट्टीवर नाव, मॉडेल, चौदा मार्च, कोरी.
डिस्क बिस्किटांच्या डब्यात.
मी बजावलं: फोटो, हिशेब वेगळे ठेवा हं.
या प्रतीला तुम्ही माहीतच नाही.
"हो हो," तो म्हणाला, टोपी घालत.

ऑक्टोबरात आला तेव्हा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला.
कुणाच्याशा पत्राला जोडलेली पावती त्यानं उघडली होती.
प्रत्येक फाइलीला कुलूप,
आणि लाल पाटी, पैसे मागणारी.
मी डबा उघडला.
सतरा मिनिटांत मार्च परत आला.
कचरापेटी रिकामी, पडदा स्वच्छ,
सगळं जागच्या जागी,
कारण कुठल्याच जागेवर काही नव्हतं.

"पेट्यांचा हिशेब?"
सव्वीस पेट्या मधमाश्यांच्या, कुठली राणी कुठल्या सालची.
"लामाराचे फोटो?"
मी डब्याचं झाकण लावत राहिले.
"तिला सांगा, पुन्हा पाठवील."
"सांगीन. ती विचारील, कोणते?"
वर कुणीतरी बूट घालून बघत होतं,
चार पावलं तिकडे, चार इकडे.

मग तो पुढे वाकला. पडद्यावर त्याचं नाव होतं:
बेसाइओन.
मार्चमधली माझी घाई. र गळलेला,
आणि प्रतीनं तो गळलेलाच जपून ठेवलेला,
इमानेइतबारे, बाकी कशाची आठवण नसताना.
"रोज सकाळी बघायचो," तो म्हणाला.
"म्हटलं, पोरीला सांगू कधीतरी."
मी दुरुस्त करायला हात पुढे केला.
"राहू दे. आधीचं तेवढंच तर आलंय परत."

मी नवी फाइल उघडली.
तो डोळे मिटून सांगत गेला:
पहिली, राणी दोन वर्षांची, शांत.
दुसरी डंख मारणारी, पण मध भरपूर.
चौथीचं झाकण तुटलंय. सातवी कुंपणापाशी.
नवव्यापर्यंत न अडखळता.
दहावीला थांबला, बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा थांबला.

दहावीची ओळ मी मोकळी सोडली.
फाइल दोन ठिकाणी ठेवली.
मग अकरावी विचारली.