सातवं डबकं

ओहोटीला दोघे सर खडकावर उतरायचे,
मागून मी: बादली, लोखंडी चौकट, वही.
पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी,
जिथं कालवं तळपाय कापतात,
आम्ही गोगलगायी मोजायचो.
पट्ट्याच्या किती, बिनपट्ट्याच्या किती.
मला पगार त्याचाच होता.

गंगावणे सर म्हणायचे, पट्टा आहे म्हणजे त्याला काम आहे.
कुर्लीला चकवत असेल, ऊन परतवत असेल,
आज नाही तर उद्या कळेल.
निसर्ग फुकट रंग उधळत नाही, वाण्याचा हिशेब आहे हा.
सामंत सर पँट दुमडत म्हणायचे,
वाण्याच्या वहीतही काही डाग नुसते डाग असतात.
आणि शंख वळतो तो
वाढत्या अंगाला मुरडण्यावाचून वाट नव्हती म्हणूनही असेल.
पाणी घोट्याला लागेपर्यंत भांडायचे,
मग एकाच थर्मासमधला चहा.

त्या जूनमधल्या वादळानं
खडक घासलेल्या परातीसारखा केला.
फक्त सातव्या डबक्यात चार जगल्या,
चारही पट्ट्याच्या.
चार वर्षांनी तिथं बिनपट्ट्याची औषधाला नव्हती.
‘बघा,’ गंगावणे सर म्हणाले.
‘चारच,’ सामंत सर म्हणाले.

कालवं फोडता फोडता जैनब मिरकर हसली.
‘वादळाच्या आदल्या सांजेला
फाटकं जाळं मीच टाकलं हुतं त्यात,
घरी न्यायचा कंटाळा आला म्हणून.
बसल्या असतील त्याखाली.’
हे वहीत लिही असं कुणी सांगितलं नाही.
मी समासात लिहिलं: जाळं. कंटाळा.

माझा थोरला भाऊ वाऱ्याचा वास ओळखायचा,
खाडी पोहून दोनदा पार करायचा.
मला गोवर होता, म्हणून त्या होडीत मी नव्हतो.
आता माझ्या दोन्ही मुलींना माझं बसकं नाक आहे.
त्याचं काम काय, सांगा.

पण गंगावणे सरांचंही खोटं नाही.
आठव्या डबक्यात कुर्ल्या फार,
तिथं जाड कवचाच्याच उरतात, मी मोजल्यात.
पातळ कवच फुटतं तेव्हा
भाजलेला पापड मोडल्यासारखा आवाज येतो.

दोघे निवृत्त झाले. वही कुणी मागितली नाही.
काल सातव्यात एक बिनपट्ट्याची दिसली.
सरपटत आली की लाटेनं फेकली, ठाऊक नाही.
पाणी चढत होतं.
मी तारीख घातली, पुढे एकचा आकडा.