सहा घरं

जालन्यात, कादराबादच्या उताराला,
कुलपाच्या दुकानाला लागून
दस्तगीरसाब शिकलगारांची साडेसहा फुटांची खोली.
पाटीवरच्या ‘हत्यार दुरुस्ती’तला ‘दु’ पुसलाय.
काचेत अब्बांच्या नावाचा परवाना,
खाली त्यांच्या नावाचा,
त्याखाली नुसता खिळा.

रविवारी आम्ही तिघं जमतो.
लुणावत बियाणेवाले : त्यांचं एक आहे, ते तिजोरीतच असतं.
खरात जमादार : ठाण्याचं शस्त्रागार सांभाळतात, निवृत्तीला चार महिने.
आणि मी, चित्रकलेचा मास्तर.
मला परवाना नाही, नकोही आहे.
दिवाळीत टिकल्या फोडल्या तेवढ्याच.

तरी जातो.
एखादं जुनं वेबली टेबलावर आलं
की दस्तगीरसाब खिटी दाबतात
आणि ते मधोमध वाकतं,
घरात थोरलं माणूस आल्यासारखं.
चाकाच्या पोटातून एक चांदणी वर येते,
सहा घरं रिकामी असल्याचं दाखवून परत आत बसते.
लुणावत दर वेळी म्हणतात, वा.

‘बघू नका मास्तर, ऐका.’
घोडा मागं ओढला की चाक एक घर सरकतं,
सरकून अडतं. ते अडणं कट् असं वाजावं.
कटर् वाजलं की आतला पंजा झिजला.
आम्हाला सहाही सारखेच वाजतात.
त्यांचा डावा कान गेलाय, उजवा अर्धा.
आता ते मूठ गालफडाला टेकवून
डोळे मिटतात, दाढेनं ऐकतात.

कमान बाजारात मिळत नाही.
बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची पट्टी कापून
निखाऱ्यावर धरतात, आणि रंग पळत सुटतात :
आधी कडब्याचा पिवळा, मग वांग्याचा,
मग मोराच्या मानेचा
आणि तो ओळखू येतो न येतो तोच तेलात.
एवढ्या घाईचा निळा माझ्या पेटीत नाही.

मुलगा सरफराज चाकणला. फोनवर सांगतो,
अब्बा, हे आमचं मशीन चार सेकंदात करतं.
‘चांगलंय,’ म्हणतात, आणि कानस झटकतात.

मागल्या पौषात खरात एक घेऊन आले.
अंबडकडच्या तौर वकिलांचं.
वकील वारले, पोरांनी वारस शेताला लावले, ह्याला नाही.
आठ वर्षं ठाण्याच्या कपाटात, मग हुकूम आला : नष्ट करा.
घरं रिकामी असल्याचा दाखला तेवढा हवा होता.
दस्तगीरसाबांनी घोडा ओढला. एक. दोन.
तिसऱ्याला थांबले.
‘हे घर लंगडतंय.’
अहो, उद्या भट्टीत जाणार ते, लुणावत म्हणाले.
‘उद्या ना?’
आणि दिवा खाली ओढला.

रात्री दीडपर्यंत कानस चालली.
हत्यार सोडून जाता येत नाही म्हणून
खरात गणवेशातच बाकावर बसून पेंगले.
मी दोनदा चहा आणला.
एकदा विचारलं, ह्यानं कुणाला लागलं असेल का हो?
‘ते रजिस्टरात नसतं.’
बऱ्याच वेळानं, कानस न थांबवता,
‘असायला पाहिजे होतं.’

मग त्यांनी मूठ माझ्या जबड्याला लावली.
भिजल्या हरभऱ्याचं साल सुटावं
तेवढासा आवाज, पण हाडात.
चौदा वर्षांत मला पहिल्यांदा ऐकू आला.

सकाळी एमआयडीसीत, पंचांसमक्ष, ते गेलं.
ह्या गावात रोज किती टन लोखंड वितळतं विचारू नका,
त्यात हे पाऊण किलो.
कुठल्या तरी स्लॅबात गज होऊन निजलं असेल.

रजिस्टरात लिहिलंय :
आलं नऊ जानेवारी, गेलं दहा.
मजुरी चाळीस रुपये, जमादारांकडून रोख.
शेरा : तिसरं घर ठीक.

लुणावतांनी ते वाचलं, चष्मा पुसला
आणि सरकीच्या भावाचं काहीतरी काढलं.