माशी

कुद्दूसभाईनं काचेवर दोन गोष्टी मांडल्या:
बापाची बारा बोअर, टोकाला पितळी माशी,
आणि काड्यापेटीएवढं भिंग, आत लाल ठिपका.
"माशीला सेल लागत नाही, शेवंताक्का.
नजर लागते."

खरंय. औंदा
माशी धरावी तर डुक्कर धूसर,
डुक्कर धरावं तर माशी उडून जाते.
बाप म्हणायचा, डावा डोळा मीट, श्वास धर.
वसमतच्या हळदीत तीस वर्षं मी
अर्ध्याच रानावर नेम धरला.

ठिपका म्हणतो, दोन्ही उघडे ठेवा.

परवा रात्री उसना लावून बघितला.
सरी उकरत होती मादी,
खांद्यावर तिच्या ठिपका टेकला, हलेना.
आणि डाव्या डोळ्याला,
जो कधी कामावरच नव्हता,
मागं दिसली पट्ट्यापट्ट्यांची पाच पिल्लं
आणि त्यांच्याही पल्याड, बरोब्बर रेषेत,
सोपानच्या खोपीत विडी.
तोही लाल ठिपकाच.

बोट चापावरून काढलं.
ते थरथरत होतं, हे नंतर कळलं.

सकाळी किंमत विचारली.
हळदीची दोन पोती.
म्हटलं, राहू द्या, माशीच घासून द्या.
डावा डोळा आता मिटत नाही,
त्याचे पैसे लावू नका.