अंत

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात
एकाच बाकावर बसलो, मी आणि अंबादास.
मे महिना. पंखा नुसता आवाजापुरता.
माझ्या मांडीवर जाडजूड फाईल,
त्याचे हात रिकामे.
तो मला सोडायला आला होता.
असं तो म्हणाला.

माझं सोपं, म्हटलं तर.
होळीपासून रात्री दोनला छातीत माग सुरू होतो,
सूत नाही, कापड नाही, नुसती खटखट:
गॅस बंद केला का, भाची घरी पोचली का,
हा श्वास शेवटचा तर नाही?
पण मला कळतं, ही मी नव्हे.
कुणीतरी घरात शिरलंय.
मी भांडते त्याच्याशी. गोळी घेते.

अंबादासमध्ये कुणी शिरलेलं नाही.
मिसरूड फुटल्यापासून तो असाच,
आज तुझ्यासाठी जीव देईन,
उद्या तुझं तोंड बघणार नाही.
तीन कारखाने सुटले. मालक चोर, मुकादम डूख धरणारा,
आणि श्रीदेवी? तिनं एकदा फोन उशिरा उचलला.
प्रत्येक वेळी तोच बरोबर होता.
इतका बरोबर, की ताटावर एकटाच.

नाना जेकार्डवर होते.
एकदा टॉवेलच्या काठावर मोराची चोच तुटकी येऊ लागली.
धोटा बदलला, सूत बदललं, तरी तुटकीच.
मग कार्डांची माळ उतरवून दिव्यासमोर धरली:
एक भोक, नको तिथे.
माझा नुसता डाग, याचा मोरच तसा,
असं मनात आलं
आणि लाज वाटली.
टॉवेल कधी रात्री गच्चीवर बसून
स्वतःच्या मनगटाकडे बघत नाही.

आई म्हणते, वाडि गुणमे अंत.
शेजारी म्हणतात, स्वभावाला औषध नसतं.
गोष्ट एकच.
फक्त आईच्या तेलुगूत अंत म्हणजे 'तेवढंच',
मराठीत तो शब्द फार पुढे जातो.

डॉक्टरीणबाईंनी मला पंधरा दिवसांनी बोलावलं.
मग दाराकडे बघून, सहज, "आणि तुम्ही?"
"मला काय धाड भरलीय?"
"धाड नाही. पण बोलायला या.
वेळ लागेल. वर्षंसुद्धा."

नानांनी ते भोक बुजवलं होतं,
कागद, खळ आणि अख्खी रात्र.
चोच आली. जराशी वाकडी.

अंबादास दाराशी उभा,
एक पाय चपलेत.
दुसऱ्या चपलेकडे मी बघितलं नाही.