मानस

पुस्तकात मानस म्हणजे मन.
आमच्याकडे, कुंभारजुव्याच्या पाण्यावर,
मानस म्हणजे दार.
ऐनाच्या फळ्यांचं, बांधाच्या पोटात बसवलेलं;
भरती चढली की आपसूक मिटणारं,
ओहोटीला आपसूक उघडणारं.
त्याच्या भरवशावर खाजनातलं कोरगुट पिकायचं,
समुद्राहून हातभर खाली.

मग वीस वर्षं खनिजाच्या बार्जी गेल्या.
त्यांच्या लाटांनी बांध कुरतडला.
कंपनी म्हणाली, उधाण.
सरकार म्हणालं, फाईल पणजीत आहे.
आम्ही दोघांना शिव्या घातल्या
आणि मानशीवरच्या मासळीचा लिलाव
दरसाल चढ्या बोलीनं दिला.
ठेकेदार रात्री फळ्यांत ओंडका घालायचा,
खारं पाणी आत, कोलंबी आत.
मला माहीत होतं.
कुळसंघाचा कारकून मी, पावती मीच फाडायचो.

एका अमावास्येला बांध गेला.
सकाळी शेतात बोयटं उड्या मारत होती.

इगर्जीच्या सभागृहात सभा. खुर्च्यांचे तीन पुंजके,
मधे चालायला वाट.
बाहेरून दोघं आलेली: हॉलंडची मारिट, तिच्या हातात नकाशे,
आणि खुलन्याचा अनीसुर, त्याच्या हातात काही नाही.
तो आधी बांधावर गेला. चिखल उचलला,
जिभेला लावला,
"आमचाच," म्हणाला हिंदीत.
मग सांगत बसला, त्यांच्याकडे परदेशी पैशाने
केवढे बांध झाले,
दारं गंजली, चाव्या साहेबांच्या खिशात राहिल्या,
शेवटी गावानंच रात्री कुदळी घेतल्या.
मारिट खाली बघत होती.
ते नकाशे तिच्याच गावच्या कचेरीतले.
"चुकलं होतं आमचं," ती म्हणाली,
आणि कुणीच तिला, असू दे, म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी कंपनीची अन्विता कुंकळ्येकार
एकटीच आली, वकिलाशिवाय,
पाठीवर पोतं.
पोत्यात बार्जींच्या नोंदवह्या:
कुठली किती वेगात, कुठल्या वळणावर, कुठल्या भरतीला.
टेबलावर ओतल्या.
वाचायला तास लागला. पंखा बंद होता.

मग इंजिनिअर सातार्डेकरांनी बॅगेतून
आमचाच अर्ज काढला, अठ्ठ्याण्णव सालचा.
"हा हरवला नव्हता," एवढंच बोलले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी लिलावाची वही आणली होती,
पण ती पिशवीतच होती अजून.
पिएदाद मावशी म्हणाली, "वाच रे."
वाचली. दोन आकडे गाळले.
तिनं परत वाचायला लावली.

समेट वगैरे झाला नाही त्या दिवशी.
बोस्त्यांव तर दार आपटून गेला.
पण पैसा कुणाच्या खात्यात, यावर तीन आठवडे भांडून झाल्यावर
मावशीलाच आठवली गावकारीची पेटी,
तीन कुलपांची. तिन्ही चाव्या एकदम फिरल्याशिवाय
न उघडणारी.
तिसरी चावी कधीच हरवलेली.
म्हापशाच्या लोहारानं दोनदा चुकून, तिसऱ्यांदा जमवली.
एक सातार्डेकरांकडे, एक अन्विताकडे,
आणि एक आमची, बोस्त्यांवच्या गळ्यात,
आयतोळच्या खुरसासोबत.

नवी मानस बसली त्या रात्री
तिघंही बांधावर.
राखण कोण कोणाची करत होतं
विचारलं नाही मी.
डास होते. अन्वितानं आणलेला चहा गार झाला.
पाणी चढत आलं, काळं, घाई नसलेलं,
आणि फळ्या मिटल्या.
धप्प, जुन्या घराच्या दारासारख्या.

टॉर्च मारला तर सांध्यातून
पाण्याची बारीक धार आत.
बोस्त्यांव सातार्डेकरांकडे वळला,
सातार्डेकर अन्विताकडे.
तेवढ्यात फोन उजळला माझा, खुलन्याहून:
झालं बंद?
झालं, मी लिहिलं. पण झिरपतंय.
तिकडे बराच वेळ तीन टिंबं हलत राहिली.

झिरपू दे.
लाकूड नवं आहे,
फुगायला दिवस लागतात.