साडेपाच तास

मानवतच्या जिनिंगात माझी खोली
वजनकाट्याला चिकटून.
एक खिडकी, एक टेबलफॅन,
कीबोर्डात अडकलेली रुई
आणि बारा वर्षांचा जुना डबा, धापा टाकणारा.

काट्याचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.
कंपनीनं तसंच दिलंय, मागे निळा डोंगल खोचून.
तो उपटला की काटा आंधळा.
"याला हात लावायचा न्हाई," काबराशेठ म्हणाले होते
पहिल्याच दिवशी, चहा पाजून.

मी हात लावला नाही.
मी फक्त बसायला जागा मागितली.

एस्टीत कसं आपण म्हणतो, "मावशी, जरा सरका,"
आणि मावशी पिशवी मांडीवर घेतात,
तसं विंडोज सरकलं
कुरकुरत, एक तास वीस मिनिटं.
तीनशे वीसातले चाळीस जीबी मोकळे झाले.
तेवढ्या वेळात लाइट गेली नाही.
आमच्याकडे याला नशीबच म्हणतात.

पेनड्राइव्ह मुबश्शिरानं दिला होता,
परभणीहून, बांगड्यांच्या डबीत घालून.

आता डबा सुरू केला की
काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, दहा सेकंद.
कुणी काही दाबलं नाही तर शेठचं.
खालचा बाण एकदा दाबला तर माझं.
शेवटचा आयशर गेला, फाटक लागलं,
की मी बाण दाबते.

मग पंख्याची घरघर कमी होते.
कुठलीच खिडकी मधेच उघडून
काही विकत नाही, दम देत नाही.
मी एक ओळ लिहिते.
चुकली तर ते बोलतं.
बरोबर असली तर काहीच बोलत नाही,
नुसती पुढची ओळ मोकळी करून देतं.
असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सोमवारी रात्री पहिल्यांदा मोबाइलचं नेट जोडलं.
मंगळवारी सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी
मुनीरचा पिकअप काट्यावर चढला.
मंगळवारी दुपारी दगडूअप्पा मुनीम आले,
हातात अकरा पावत्या, चष्मा कपाळावर:
"रात्री साडेतीनला कापूस कोण मोजायलं व्हतं गं?"

वॉचमनला बोलावलं.
त्यानं शपथ घेतली की तो झोपला नव्हता.
त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

भरली गाडी वजा रिकामी गाडी,
उरतो तो कापूस. हे मला झोपेतही येतं.
नऊ दोन वजा तीन बत्तीस, उरतं काय,
हे कळेपर्यंत माझा चहा गार झाला.

डब्याच्या पोटात एक नाण्याएवढा सेल असतो,
त्यावर एकच घड्याळ चालतं.
विंडोज त्याला भिंतीवरचं घड्याळ समजतं.
माझं त्याला साऱ्या जगाचं समजतं,
आणि मानवतसाठी साडेपाच तास मनात मिळवून घेतं.
दोघंही आपल्या जागी बरोबर.
रात्री माझ्यानं काटे मागे फिरवून ठेवले,
सकाळी शेठच्यानं ते खरे मानले.

"सेल गेला आसंल," दगडूअप्पाच म्हणाले.
मी म्हटलं, "हो. सेल."

ते स्वतः घड्याळाच्या दुकानात गेले,
तीस रुपयांचा नवा सेल आणला, व्हाउचर फाडलं.
मी तो बसवला. जुना ओढणीच्या टोकाला बांधला.
रात्री एक ओळ लिहिली:
इथलीच वेळ धर, शेठसारखी.
ते काहीच बोललं नाही.

दहा पावत्यांवर वेळ पेनानं दुरुस्त केली,
प्रत्येकीवर माझी सही.
अकरावी मुनीर घेऊन गेला होता गंगाखेडला.
फोन केला तर म्हणाला, "वजन बरोबर आहे ना?
मग राहू दे."

त्याच्या वरच्या खिशात, तंबाखूच्या पुडीमागे,
अजून तीन बत्तीस वाजलेत.
जुना सेल मी टाकला नाही.
चांगला होता तो.