शेवटची दहा मिनिटं

तीनदा पाहिला तो सिनेमा, तीनदा अर्धवट.
बाबा खडकीच्या फॅक्टरीतून साडेसहाला घरी,
म्हणजे मला पावणेसहाची बस,
म्हणजे नायिका दागिने काढून ठेवते तिथे
अंधारात पायांनी चपला शोधायच्या.

एलायजा थांबायचा. तिकिटाचे पैसे वसूल, म्हणायचा.
रास्ता पेठेतले पेणकर.
शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही,
चातुर्मासात आमच्याकडे कांदा शिजायचा नाही.
एवढंच अंतर. तेवढं पुरलं.

तिसऱ्या खेपेनंतर टायपिंगच्या क्लासात विचारलं,
काय होतं रे शेवटी?
तो रिबन बदलत होता. बोटं काळी.
"मरतात," म्हणाला. "दोघंही. नदीत. हातात हात."
मी रडले. बरं वाटलं रडून.
पुढच्या मार्चात माझं लग्न झालं.

ते थिएटर आता नाही. गाड्यांची शोरूम आहे,
काचेआड एक पांढरी गाडी
आत कुणी नसताना गोल फिरत असते.
सिनेमा मात्र धुऊनपुसून परत आला,
लॉ कॉलेज रोडला, एका शनिवारी, फुकट.
मुलाला सांगितलं, डॉक्टरकडे जाते.
सत्तरीतही खोटं बोलूनच निघाले.

तिनं दागिने काढले,
आणि माझे पाय चपला शोधू लागले.
बसा, म्हटलं त्यांना.

नदी आलीच नाही.
कुणाचं तरी बारसं आहे. ती चहा देतेय.
तो पाहुण्यांत, कानशिलांवर पांढरं.
साखर किती?
आता बंद केली.
बशी जराशी वाजते.
दिवे लागले.

कुणीच मेलं नव्हतं.

शहाऐंशी साली असेल, नाना पेठेत
तो बिजागऱ्या घेत होता, मी कुकरची रिंग.
दुकानदारानं त्याची मोड मला दिली, माझी त्याला.
आम्ही ती काउंटरवर ठेवून
बोटांनी इकडची तिकडे सरकवली.
साडेचार रुपये. बोटं स्वच्छ होती त्याची.

लग्न करतात, असंही सांगता आलं असतं त्याला.
पण मी काय करेन, हे त्याला
माझ्याआधी कळलं असावं;
म्हणून निदान नदी दिली.

बाहेर रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं?
मी डॉक्टरांचा पत्ता सांगितला.